खळ्यातली पोरं

चतुर्थीला चाकरमानी मालवणात उतरतो, तेव्हा फोनवर धड बोलणारा बाप तिन्हीसांजेला खळ्याकडे बोट दाखवून विचारतो, "ती पोरां कोणाची रे?" खळ्यात कोणीच नसतं. शेजारी म्हणतात, म्हातारचळ. कोणी राखणदाराला गाऱ्हाणं घालायला सांगतं.

नसलेली माणसं, त्यातही लहान मुलं, लख्ख दिसणं ही लेवी बॉडी स्मृतिभ्रंशाची मोठी खूण. लेवी बॉडी म्हणजे मेंदूपेशींतल्या गुठळ्या; पार्किन्सनच्या रुग्णांत त्या फ्रित्झ लेवी यांनी १९१२ मध्ये वर्णिल्या. या स्मृतिभ्रंशात विसर सुरुवातीला बेताचाच असतो. सकाळी माणूस पेपर वाचतो, दुपारी शून्यात बघतो. पावलं घासत चालतो. झोपेत ओरडणं, लाथा झाडणं तर बऱ्याचदा कित्येक वर्षं आधीचं. भास थांबवायला हॅलोपेरिडॉलसारखं औषध दिलं, तर असा माणूस ताठरून अंथरुणाला खिळू शकतो, कधी जिवावरही बेततं. निदानाचं नाव चुकलं तर इतकं महाग पडतं.

अल्झायमर हळूहळू चढतो: पन्नास वर्षांपूर्वीचं लग्न आठवतं, सकाळची पेज नाही. 'अस्तु' चित्रपटात हा आजार मोहन आगाशे यांनी उभा केला. ते स्वतः मानसोपचारतज्ज्ञ. मेंदूच्या रक्तवाहिन्या तुंबून आलेला स्मृतिभ्रंश बहुधा पायरीपायरीने उतरतो. कपाळामागचा मेंदू झिजला तर सुरुवातीला स्मरण शाबूत राहतं, भीड जाते. सभ्य मास्तर शिव्या देऊ लागतात आणि घरचे त्यांना वेड्यात काढतात.

काही विसर तर बराही होतो. थायरॉईड, बी-१२ची कमतरता, नैराश्य. किंवा पावसात शेवाळावरून घसरून डोकं आपटलेलं असतं आणि कवटीखाली झिरपलेलं रक्त काही आठवड्यांनी बुद्धीवर येतं. 'साठी बुद्धी नाठी' म्हणून हे सोडून देणं मला तरी परवडणारं वाटत नाही.

तेरेखोलपलीकडे गोव्यात २००१ च्या एका अभ्यासात लोकांना स्मृतिभ्रंशाची लक्षणं ओळखीची होती, पण आजार वाटत नव्हती. तिथेच पुढे असा रुग्ण असलेल्या ८१ कुटुंबांवर चाचणी झाली. स्थानिक, प्रशिक्षित माणसं त्यातल्या काही घरांत जाऊन धीर देत, वागण्याच्या युक्त्या सांगत. सांभाळणाऱ्यांचा मानसिक ताण हलका झाला, असं २००८ मध्ये प्रसिद्ध झालं.

निदान चुकू नये म्हणून ओरोसच्या किंवा बांबोळीच्या इस्पितळात जाताना स्कॅनच्या फाइलीत एक साधा कागद हवा, आईला विचारून लिहिलेला: बाबा झोपेत लाथा मारायला कधी लागले, आणि पोरं दिसू लागली ती कुठल्या चतुर्थीला.