जुन्या गिटारची पारख

सोन्याच्या तारणावर कर्ज देताना बँकेत कसोटीचा दगड आधी व पावती नंतर पाहिली जाई. नात्यातील एका तरुणाने अमेरिकेत १९३९ ची मार्टिन डी-२८ गिटार संग्रहासाठी घेण्याचा मनोदय कळविला, तेव्हा ही रीत आठवली.

पेनसिल्व्हेनियातील नाझरेथ येथील मार्टिन कंपनीच्या गिटारींना १८९८ पासून अनुक्रमांक आहेत. गिटारच्या गोल छिद्रातून आत पाहिले की दांडीच्या मुळाशी असलेल्या ठोकळ्यावर तो आकडा दिसतो. त्यावरून वर्ष समजते. वाद्य मूळ स्वरूपात आहे की नाही, ते समजत नाही. त्यासाठी आरसा व दिवा आत घालावा. वरच्या फळीखालील आधारपट्ट्या १९४४ च्या उत्तरार्धापर्यंत मध्ये कोरून हलक्या केलेल्या असत. १९३९ च्या आकड्याबरोबर त्या न कोरलेल्या आढळल्या, तर फळी बदलल्याचा संशय घ्यावा.

सर्वाधिक तोटा पॉलिशमध्ये होतो. अतिनील दिव्याखाली जुने लॅकर हिरवट-पिवळे चमकते, नवा हात काळसर डागासारखा उठून दिसतो. विक्रेता अभिमानाने म्हणतो, 'अगदी नव्यासारखी करून घेतली आहे', आणि तेवढ्यानेच किंमत साधारण निम्म्यावर येते! दांडीचा कोन पुन्हा बसविलेला असेल, तर मात्र बिचकू नये. ऐंशी वर्षे तारांचा ताण सोसलेल्या वाद्याला ते लागतेच.

आपल्या घरांना आणखी एक तपासणी करावी लागते. १९१८ पूर्वीच्या उंची मार्टिनना हस्तिदंताची किनार असे. नंतरच्या गिटारींतही तारांखालची पांढरी पट्टी हस्तिदंती असू शकते. हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषा असतात, तर सेल्युलॉइडच्या रेषा समांतर जातात. कासवाच्या पाठीसारखी दिसणारी पट्टी बहुधा सेल्युलॉइडचीच. पण लाकूड जोडणारा जुना सरस जनावरांच्या कातड्याचा. हे पटते की नाही, याचा निर्णय पैसे देण्यापूर्वी घरात व्हावा.

कायदाही आहेच. हस्तिदंताच्या व्यापाराला भारतात बंदी आहे, आणि डी-२८ ची पाठ ज्या ब्राझिलियन शिसवीची, तिच्यावर १९९२ पासून आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत. परवान्यावाचून असे वाद्य देशाबाहेर नेता येत नाही. १९६९ च्या सुमारास कंपनी आपल्याकडील शिसवीकडे वळली.

त्या तरुणाने विक्रेत्याकडे आतील पट्ट्यांची आणि अतिनील दिव्याखालची छायाचित्रे मागितली आहेत. पंधरवडा उलटला, पावतीची प्रत तेवढी आली आहे.