नंदुरबार जिल्ह्यातील भूरूपे आणि मातीची नावे

नंदुरबार जिल्ह्याची उत्तर सीमा नर्मदेने आखली आहे. मधून तापी पश्चिमेस वाहते आणि या दोन नद्यांच्या दरम्यान सातपुड्याच्या रांगा उभ्या आहेत. अस्तंभा शिखराची उंची सुमारे १३२५ मीटर असून तापीकाठची सखल भूमी त्याहून एक हजार मीटरांहूनही अधिक खाली आहे. उन्हाळ्यात येथील तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते.

जिल्ह्यातील मूळ खडक बहुतांशी एकच, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा बेसाल्ट होय. तथापि त्यापासून झालेली माती सर्वत्र सारखी नाही. या भेदाचे प्रमुख कारण भूरूपात सापडते. तीव्र उतारांवर पावसाचे पाणी बारीक कण वाहून नेते. म्हणून तेथे उथळ, भरड माती उरते आणि हातभर खणताच मुरूम लागतो. वाहून आलेले सूक्ष्म कण खोऱ्यात साचतात. तेथे निचरा मंद असल्याने कॅल्शियम व मॅग्नेशियम टिकून राहतात आणि पाण्याने फुगणारी चिकणमाती तयार होते. उन्हाळ्यात काळ्या शेतांना पडणाऱ्या खोल भेगा याच चिकणमातीच्या आकुंचनाने पडतात.

मातीच्या रूढ मराठी नावांमागे मात्र एकच तत्त्व नाही. ‘मुरमाड’ हे नाव घटकावरून, ‘काळी’ रंगावरून, ‘मळई’ उत्पत्तीवरून, तर ‘खारवट’ व ‘चोपण’ ही दोषावरून पडली आहेत. या शेवटच्या दोहोंचा भेद विशेष महत्त्वाचा आहे. खारवट जमिनीत विद्राव्य क्षार साचतात. निचऱ्याची सोय करून भरपूर पाणी दिल्यास ते धुऊन जातात. चोपण जमिनीत सोडियम चिकणमातीच्या कणांनाच जखडलेला असतो. त्यामुळे कण विलग होतात, छिद्रे बुजतात आणि पाणी मुरत नाही. तेथे आधी जिप्सम घालून सोडियमच्या जागी कॅल्शियम आणावा लागतो; निचरा व धुणे ही त्यानंतरची कामे होत. क्षार आणि सोडियम दोन्ही असलेली जमीन जिप्समवाचून नुसती धुतली, तर क्षार जातात, सोडियम राहतो आणि जमीन पूर्वीपेक्षा अधिक बिघडते.

या दोन्ही प्रकारांस सरसकट ‘क्षारपड’ म्हणण्याचा प्रघात आहे. बोलीने जपलेला भेद लेखी परिभाषेत असा पुसला गेल्यास उपायही चुकण्याचा संभव असतो. भारी काळ्या जमिनीत निचऱ्यावाचून ओलित वाढते तेथे ही चूक शेतकऱ्यास पिकाच्या रूपाने भोगावी लागते. सारांश, मृदासर्वेक्षणात प्रयोगशाळेतील आकड्यांबरोबर गावातील नावाचीही नोंद होणे अगत्याचे आहे.