अंगठा दिला म्हणजे कायदा झाला का?

यावल-फैजपूर भागातला कापूस जीनमध्ये येऊ लागला की हंगामी माणसे कामावर घेतली जातात. जादा वेळेच्या पैशांचा वाद निघाला की मॅनेजर कपाटातून करारपत्र काढतो आणि म्हणतो, "बाईने अंगठा दिलाय, साध्या दराने कबूल आहे." त्याच्या लेखी तोच कायदा. आता हे कितपत खरे, ते पाहू.

पूर्वी खानदेशात जवळजवळ हेच खरे होते. 1884-85 च्या मुंबई फॅक्टरी कमिशनपुढे खानदेशातल्या जिनिंगच्या एका व्यवस्थापकाने साक्ष दिली, की हंगामात तेच स्त्री-पुरुष सलग आठ दिवस दिवसरात्र काम करतात. कायदा नव्हता असे नाही. 1881 चा फॅक्टरी अ‍ॅक्ट होता. परंतु तो शंभर किंवा अधिक माणसांच्या आणि वर्षातून चार महिन्यांहून जास्त चालणाऱ्या कारखान्यांना लागू. जीन हंगामी, म्हणून सुटली! हंगामी कारखाने कायद्याखाली यायला 1911 साल उजाडले.

आज करारपत्राच्या वर बरेच काही आहे. सर्वांत वर राज्यघटना. कामगार हा विषय समवर्ती सूचीत असल्याने संसद आणि विधानसभा दोघीही कायदे करू शकतात. संसदेने 29 जुने कायदे एकत्र करून चार संहिता केल्या. त्या 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहेत. 1948 चे कारखाने आणि किमान वेतन हे दोन्ही कायदे त्यांतच आले. कायद्याखाली सरकारचे नियम व अधिसूचना. किमान वेतनाचे दर अधिसूचनेत सापडतात, आणि ते बदलतात; भिंतीवरचा जुना तक्ता उपयोगाचा नाही. मोठ्या कारखान्यात स्थायी आदेश आणि युनियनशी झालेला समझोता असतो. करार येतो तो या सगळ्यांच्या खाली. करारात कायद्यापेक्षा जास्त देता येते, कमी देता येत नाही. जादा वेळेला दुप्पट दर ठरलेला आहे. तो हक्क सोडल्याचा अंगठा कायद्यापुढे शून्य.

मॅनेजर लोक सहसा विसरतात ते न्यायालयाचे निकाल. दिल्लीच्या एशियाडच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात 1982 साली सर्वोच्च न्यायालय म्हणाले, की किमान वेतनापेक्षा कमी देऊन राबवणे म्हणजे घटनेच्या 23 व्या कलमाने मना केलेली वेठबिगारीच. मजूर आपण होऊन आला, ही सबब चालत नाही. भूक त्याला आणते. पुढे 1997 साली विशाखा खटल्यात, कामाच्या जागी स्त्रियांच्या छळाविरुद्ध मालकाने काय करायचे ते न्यायालयानेच घालून दिले. संसदेचा कायदा आला 2013 साली. मधली सोळा वर्षे कायद्याचे पुस्तक चाळणाऱ्याला त्यात काही सापडले नसते, तरी तो बांधलेला होताच.

जीनमधल्या त्या बाईचा हिशेब मग असा: तिने आठ तासांवर दोन तास काम केले असेल, तर चार तासांची मजुरी तिची. मॅनेजर नाहीच म्हणाला, तर जळगावला कामगार खात्याचे कार्यालय आहे. तिथे अर्ज करता येतो.