कागदावर उमलणारी जास्वंद

वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, दिवाळी अशा प्रसंगी घरी तयार केलेले शुभेच्छापत्र देण्याची हौस अनेकांना असते. मात्र कागदाची फुले कापून चिकटवली, तरी बऱ्याचदा ती निर्जीव वाटतात. आकार बरोबर असतो, रंगही शोभिवंत असतो, तरीही फूल कार्डावर सपाट पडून राहते. उणीव असते ती पोताची. खऱ्या पाकळीवर शिरा असतात, सुरकुत्या असतात, कडा किंचित वळलेल्या असतात. या उंचसखल भागांवर प्रकाश आणि सावली पडते, म्हणून फूल जिवंत भासते. कागदावर हा पोत आणता येतो. त्यासाठी कागदाचा स्वभाव तेवढा समजून घ्यावा लागतो.

कागद म्हणजे वनस्पतिजन्य तंतूंचे जाळे. ओलावा मिळाला की हे तंतू फुगतात आणि त्यांची परस्परांवरील पकड सैल होते. याच अवस्थेत कागदाला घडी वा वळण दिले आणि तो तसाच वाळू दिला, तर तंतू नव्या जागी पुन्हा घट्ट बसतात. कोरड्या कागदाची चुणी काही वेळाने उलगडते, ओलसर कागदाची चुणी टिकते, त्यामागे हे कारण आहे.

दुसरी बाब तंतूंच्या दिशेची. यंत्रावर तयार होणाऱ्या कागदात बहुतेक तंतू एकाच दिशेने पसरलेले असतात. कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहावा. ज्या बाजूने तो सहज वाकतो, ती चुणी तंतूंच्या दिशेला समांतर असते. पाकळीची लांबी याच दिशेने ठेवल्यास चुण्या सरळ पडतात, कागद तडकत नाही. हातकागदात तंतू सर्व दिशांना विखुरलेले असल्याने ही अडचण फारशी येत नाही. गांधीजींच्या प्रेरणेतून १९४० मध्ये पुण्यात हातकागद संस्था सुरू झाली. सुती चिंध्यांपासून बनलेला असा कागद चिवट असतो आणि त्याला मूळचाच खडबडीत पोत असतो. फुलासाठी त्यातील पातळ कागद निवडावा.

सरावासाठी जास्वंद हे उत्तम फूल. पाकळ्या पाचच, शिरा ठळक आणि मधला दांडा लक्षवेधी. २० बाय १५ सेंटीमीटरचे जाड कार्डशीट मधोमध दुमडले की १० बाय १५ सेंटीमीटरचे शुभेच्छापत्र तयार होते. त्यावर सुमारे ४ सेंटीमीटर लांब आणि ३ सेंटीमीटर रुंद अशा पाच पाकळ्या शोभतात. लाल कागदाचा एक तुकडा आधी भिजवून पाहावा. रंग सुटत असेल तर तो कागद वापरू नये.

पाकळ्या कापून त्यांवर ओला कापूस हलकेच टेकवावा. कागद दमट व्हावा, पाणी निथळू नये. पाकळीच्या देठाकडे एकत्र येतील अशा पाच-सहा बारीक चुण्या पंख्याप्रमाणे घालून चिमटीत दाबाव्यात. मग पाकळी अर्धवटच उलगडावी, वरची कड पेन्सिलीवर किंचित वळवावी आणि पूर्ण वाळू द्यावी. येथे घाई केल्यास सारा खटाटोप वाया जातो. वाळल्यावर गडद लाल खडू आडवा धरून पाकळीवरून अलगद फिरवावा. रंग केवळ उंचवट्यांना लागतो, खोलगट भाग फिका राहतो आणि शिरा उठून दिसतात.

मधल्या दांड्यासाठी जाड दोऱ्याला पीळ देऊन त्यावर गोंद लावावा आणि टोकाकडचा भाग पिवळ्या रांगोळीत घोळवावा. परागकणांचा हुबेहूब भास होतो. यासाठी रवा किंवा खसखस वापरण्याची पद्धत आहे. परंतु धान्याला कीड लागते, मुंग्या येतात आणि पावसाळ्यात बुरशीही धरते. जपून ठेवायच्या पत्रासाठी रांगोळीच बरी. जास्तीची भुकटी झटकून टाकावी.

जोडणीत गोंद मोहरीएवढाच आणि फक्त देठाशी लावावा. पांढऱ्या गोंदात पाणी असते. तो सढळ हाताने वापरल्यास कार्ड वाकडे होते आणि पाकळ्यांच्या चुण्याही सैल पडतात. प्रत्येक पाकळी शेजारच्या पाकळीवर थोडी चढवावी, कडा मोकळ्या ठेवाव्यात. पार्श्वभूमीची पाने, नक्षी, मजकूर हे सर्व आधी पूर्ण करून कार्ड वजनाखाली सपाट करून घ्यावे; फूल बसल्यावर ते दाबता येत नाही.

अखेरचा प्रश्न पाठवण्याचा. साध्या पाकिटात टपालाच्या गठ्ठ्याखाली ही सारी उठावदार कारागिरी चेपली जाते. त्यासाठी फुलापेक्षा थोड्या अधिक उंचीच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या चारही कडांना ठेवून वर दुसरा पुठ्ठा झाकावा, किंवा मिठाईची छोटी खोकी वापरावी. परगावी राहणाऱ्या आजीच्या हाती पत्र पडेल, तेव्हा पाकळीवरून बोट फिरवताना तिला त्या चुण्या जाणवायला हव्यात. एका फुलासाठी खर्ची पडलेली संध्याकाळ त्या स्पर्शातूनच तिच्यापर्यंत पोहोचते.