मागचं सीट लातुरात

"द्या की आता ती भंगारात!" हे वाक्य आमच्या घरात वर्षातून दोनदा तरी ऐकू यायचं. एकदा दिवाळीच्या साफसफाईत आणि एकदा पावसाळ्यात, तिच्या खालून विंचू निघाला की. 'ती' म्हणजे अण्णांची, माझ्या वडिलांची, १९८३ सालची प्रीमियर पद्मिनी. घरात तिला पद्मिनी कुणीच म्हणत नाही, फियाटच म्हणतात. नांदेडच्या आमच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये ती सोळा वर्षं उभी होती. २०२२ च्या संक्रांतीला भंगारवाल्यानं अठरा हजार देऊ केले. "देऊन टाक," एवढंच बोलून अण्णांनी पेपर उघडला. अर्धा तास झाला तरी पेपरचं पान काही उलटलं नाही. मी भंगारवाल्याला चहा पाजून परत पाठवलं. ठरवलं, हिला सगळी सुटी करायची आणि घरीच पुन्हा बांधायची.

घरी मोटार बांधण्याचं वेड जगाला नवं नाही. इंग्लंडात १९५७ साली कॉलिन चॅपमनच्या लोटस कंपनीनं 'सेव्हन' नावाची चिमुकली गाडी सुट्या भागांच्या संचात विकायला काढली. तयार गाडीवर कर होता, संचावर नव्हता; मग लोक घरीच जोडू लागले. आपल्याकडे इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी १९४९ साली स्वतःची छोटी मोटार घडवली आणि 'मीरा' या नावानं पुढे पंचवीसेक वर्षं ती सुधारत नेली. तिचा कारखाना मात्र उभा राहिला नाही. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून जीप बनवली, तेव्हा आनंद महिंद्रांनी ती घेऊन २०२२ मध्ये त्यांना नवी बोलेरो दिली. कौतुक खरंच होतं, पण अशी घरगुती गाडी रस्त्याच्या नियमांत बसत नाही, ही अडचणही त्यामागे होती. म्हणून आपल्यासारख्यांना सोयीची वाट एकच. मूळ सांगाडा, इंजिन आणि नोंदणी कायम ठेवायची आणि जुनीच गाडी नटबोल्टापासून नवी करायची.

मला वाटलं होतं, पहिल्या दिवशी हातात पाना घ्यायचा. प्रत्यक्षात पहिले दोन महिने गेले शेडमध्ये. फियाटची लांबी तेरा फुटांच्या आत, रुंदी पाच फुटांच्या आत. पण दारं उघडून चारही बाजूंनी फिरायचं तर अठरा बाय बाराची जागा हवी. त्यासाठी आईची सरपणाची खोली गेली. शहाबादी फरशीवर जॅक लावला तर फरशी तडकते आणि जॅक कलंडतो, म्हणून सिमेंटचा कोबा केला. जॅक हा गाडी उचलायला असतो, धरून ठेवायला नाही. तेव्हा वेल्डिंगवाल्याकडून चार भक्कम स्टँड करून घेतले. त्यांच्यावर गाडी टेकल्याशिवाय खाली शिरायचं नाही, हा नियम. टाकीतलं जुनं पेट्रोल सर्वांत आधी काढलं. दाराशी वाळूच्या दोन बादल्या ठेवल्या. मे महिन्यात पत्रा इतका तापायचा की पाना हातात धरवेना. मग पत्र्यावर तुराट्यांचा थर अंथरला. श्रीखंडाचे चाळीस रिकामे डबे आईनं दिले आणि प्रत्येकावर स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली: 'डावं पुढचं दार, बिजागरी'. सरपणाच्या खोलीचा राग तिथंच संपला.

एवढं करूनही चूक झालीच. मागच्या दोन्ही चाकांचे ब्रेक मी एकाच दिवशी खोलले. आठवड्यानं बसवायला घेतले, तर कुठली स्प्रिंग कुठं अडकवायची, काही कळेना. इतवाऱ्यातले एक म्हातारे मिस्त्री, ज्यांना सगळे चाचा म्हणतात, ते येऊन हसले. "खोलने कू सब आते साब, बिठाने कू कोई नै आता!" एक बाजू खोलायची, दुसरी नमुना म्हणून तशीच ठेवायची, हे शहाणपण त्यांनी फुकट दिलं. इटालियन घराण्याच्या या गाडीला मिलिमीटरचे पाने लागतात, जीपचे इंची पाने नटांचे कोपरे खातात, हेही त्यांनीच दाखवलं.

सुट्या भागांसाठी २०२३ च्या उन्हाळ्यात देवगिरीनं मुंबई गाठली. ही गाडी कुर्ल्याची. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या तिथल्या कारखान्यातली. उत्पादन थांबून वीसेक वर्षं झाली, तरी ऑपेरा हाऊसच्या दुकानांत ब्रेकची रबरं, पाण्याचा पंप, क्लच प्लेट असं सगळं मिळालं. पुण्याई काळ्यापिवळ्या टॅक्सींची! त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली. तिथं मी एक शिकलो. गाडीत जे झिजतं, ते मिळतं. जे झिजत नाही, ते कुणी बनवतच नाही. मूळ मागचं सीट मला कुठंच मिळेना.

आमच्या गाडीत सुताराकडून करून घेतलेलं प्लायवूडचं सीट होतं. मी लहान असल्यापासून तेच. मूळ सीट कुठं गेलं, असं अण्णांना विचारलं. बराच वेळ गप्प राहून ते म्हणाले, "लातुरात आहे. असेल तर."

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. दोन दिवसांनी अण्णा भाकरी आणि घोंगड्या घेऊन निघाले. लातूरला मित्राच्या घरी आणखी सामान भरायचं होतं, म्हणून मागचं सीट काढून तिथंच ठेवलं. नंतर त्या गाडीतून काय काय वाहून न्यावं लागलं, ते अण्णांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. सीट आणायलाही ते परत गेले नाहीत.

इंजिन बोअर करायला चाचांच्या भरवशाच्या टर्नरकडे लातूरला न्यायचंच होतं. लोहा, अहमदपूर, चाकूर करत टेम्पो पोचला. काम सोपवून मी अण्णांच्या मित्राचं घर शोधलं. मित्र आता नाहीत. ओसरीवर काकू तूर निवडत बसल्या होत्या. बसल्या होत्या फियाटच्या सीटवर! चार विटांवर टेकवलेलं, वर गोधडी.

मी नाव सांगितलं. काकूंनी सूप बाजूला ठेवलं. "अण्णा पुढच्या खेपेला नेतो म्हणले होते. तीस वर्षं झाली की रे! आमचे हे जाईपर्यंत म्हणायचे, ती वस्तू त्याची आहे, फेकू नका."

मागायचा धीर मला होईना. शेवटी काकूच उठल्या, गोधडी काढली. "घेऊन जा. पण गाडी झाली की अण्णाला घेऊन ये. आणि मला एकदा ह्याच्यावरच बसव."

सीट नांदेडला आलं त्या दिवशी अण्णा पहिल्यांदा शेडमध्ये आले. सीटवर हात फिरवला आणि लाकडी स्टूल ओढून बसले. हळूहळू तेव्हाचं सांगू लागले. मी पाना खाली ठेवला.

गाडी अजून पुरी झालेली नाही. रंग बाकी आहे, वायरिंग बाकी आहे, आरटीओची तपासणी बाकी आहे. अण्णा आता रोज सकाळी शेडमध्ये येतात आणि डब्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून मला वस्तू देतात. लातूरहून काकूंचा निरोप येतो, "झाली का गाडी?" त्यांची ओसरी रिकामी ठेवायला नको म्हणून मी तिथं एक नवा दिवाण पाठवला आहे. त्यावर बसून तूर निवडायला मजा येत नाही, अशी त्यांची तक्रार आहे.