महाग कॅमेरा : गुण किती, दोष किती?

सोन्याची पारख हा विटा परिसरातील लोकांचा जुना व्यवसाय. येथील गलाई व्यावसायिक सोने-चांदी गाळण्याच्या कामासाठी भारतभर पसरले आहेत. नुसत्या झळाळीवरून कस ठरत नाही, हे येथे लहान मुलालाही ठाऊक असते. हीच दृष्टी आपण कॅमेऱ्याकडे वळवू.

समजा, विट्यातील एका शाळेला विज्ञान मंडळासाठी डिजिटल कॅमेरा घ्यायचा आहे. कामे तीन : सभागृहातील कार्यक्रम, सागरेश्वर अभयारण्यातील हरणे आणि चंद्र. पैसे पालकांच्या वर्गणीचे. एकदा खर्च झाले की पुन्हा जमणे कठीण. मग जितका महाग तितका चांगला, असे म्हणावे का?

कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी प्रकाशसंवेदक असतो. तो प्रकाशाचे विद्युतभारात रूपांतर करतो. महागड्या 'फुल फ्रेम' कॅमेऱ्यात त्याचा आकार ३६ × २४ मिमी, म्हणजे क्षेत्रफळ ८६४ चौ. मिमी असते. मधल्या 'एपीएस-सी' प्रकारात ते सुमारे ३६७, तर खिशात मावणाऱ्या अनेक कॅमेऱ्यांत अवघे २८ चौ. मिमी असते.

क्षेत्रफळाने काय साधते? पावसात अंगणात परात आणि वाटी ठेवा. दोन्हींत पाण्याची उंची सारखीच भरेल, पण परातीत थेंब जास्त पडतील. प्रकाशकणही थेंबांसारखेच अनियमित पडतात. सरासरी १०० कण पडत असतील तर त्यांत सुमारे १० चा, म्हणजे १० टक्के चढउतार होतो. १०,००० पडत असतील तर चढउतार १०० चा, म्हणजे केवळ १ टक्का. हा चढउतारच अंधुक चित्रात रवाळपणा म्हणून दिसतो. म्हणून सभागृहातील मंद प्रकाशात, चौकट, छिद्राचा एफ-अंक आणि वेळ सारखे ठेवले, तर मोठा संवेदक स्पष्टपणे सरस ठरतो.

आता हरणाकडे वळू. १०० मीटरवर १ मीटर उंचीचे हरीण आहे आणि भिंगाचे नाभीय अंतर २०० मिमी आहे. प्रतिमेची उंची २ मिमी येते. कॅमेरा कोणताही असो, ती २ मिमीच राहते! संवेदक मोठा असेल तर हरणाभोवतीचे गवत तेवढे जास्त दिसेल. दोन्ही कॅमेरे २४ मेगापिक्सेलचे असतील, तर फुल फ्रेममध्ये हरणाच्या उंचीला सुमारे ३३० बिंदू येतात, एपीएस-सीमध्ये सुमारे ५१०. येथे कमी किमतीचा कॅमेराच अधिक तपशील देतो. फुल फ्रेममध्ये तेवढेच मोठे हरीण हवे असेल तर सुमारे दीडपट नाभीय अंतराचे भिंग लागते. ते जड आणि महाग.

चंद्राचा व्यास त्याच्या अंतराच्या सुमारे ११० व्या भागाइतका आहे. त्यामुळे २०० मिमीच्या भिंगाने त्याची प्रतिमा जेमतेम १.८ मिमी पडते. २०१८ मध्ये आलेल्या निकॉनच्या पी१००० या छोट्या संवेदकाच्या कॅमेऱ्याचे भिंग ५३९ मिमीपर्यंत जाते. त्यात प्रतिमा ४.९ मिमीची होते आणि चंद्र चौकटीतही मावत नाही! पण त्या टोकाला भिंगाचा एफ-अंक ८ असतो. उजळ चंद्राला तेवढा प्रकाश पुरतो, सांजवेळच्या हरणाला मात्र तो अपुरा पडतो.

आरसा असलेला कॅमेरा घ्यावा की बिनआरशाचा, हाही प्रश्न उरतोच. आरशाच्या कॅमेऱ्यात दृश्य सरळ भिंगातून दिसते, त्यामुळे बॅटरी जास्त टिकते. बिनआरशाचा कॅमेरा हलका असतो आणि चित्र कसे येणार ते आधीच दाखवतो. पण त्याचा पडदा सतत वीज खातो. दोन्हींत भिंग बदलताना धूळ शिरते. उन्हाळ्यातील वारा आणि यंत्रमागांची कापसाची धूळ पाहता विट्यात हे काम बंद खोलीत, कॅमेऱ्याचे तोंड खाली धरूनच करावे.

तेव्हा आधी काम ठरवावे, मग भिंग, आणि शेवटी कॅमेरा. आमच्या मते या शाळेने एपीएस-सी कॅमेरा घेऊन उरलेले पैसे लांब पल्ल्याच्या भिंगावर आणि भक्कम तिपाईवर खर्च करावेत.

करून पाहा : जमिनीवर खडूने १० सेंमी आणि ३० सेंमी बाजूचे चौरस आखा. त्यांवर ज्वारीचे मूठभर दाणे उधळा आणि प्रत्येकातील दाणे मोजा. हे दहा वेळा करा. कोणत्या चौरसातील आकडे टक्केवारीने अधिक बदलतात?