गाडीचा ए.सी. बिघडला आणि हातात मोठे एस्टिमेट आले तर

मे महिन्याच्या अखेरीस कुर्ल्यातील आमच्या ओळखीचे एक टॅक्सीवाले हातात कागद घेऊन आमच्याकडे आले. कागद गॅरेजच्या एस्टिमेटचा होता. कॉम्प्रेसर नवा, ड्रायर नवा, गॅस, मजुरी, सर्व मिळून साडेसव्वीस हजार. "भाईजान, बँकेचा हप्ता पाच तारखेला आहे. ए.सी. नाही म्हटले की पॅसेंजर बसत नाही. काय करू?" असा त्यांचा प्रश्न होता. टॅक्सी, टेम्पो, स्कूल व्हॅन किंवा दुकानाची गाडी बाळगणाऱ्या आपल्या अनेक बांधवांवर हा प्रसंग उन्हाळ्यात येतोच. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या साडेतीन टनांहून जड मालट्रकच्या केबिनला ए.सी. सक्तीचा झाला आहे. म्हणजे हा खर्च आता ट्रकवाल्यांच्याही दारी येणार.

आधी यंत्र समजून घेऊ. कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो आणि गॅस दाबतो. दाबलेला गरम गॅस पुढच्या जाळीत म्हणजे कंडेन्सरमध्ये जातो, तेथे पंख्याच्या वाऱ्याने थंड होऊन त्याचा द्रव बनतो. ड्रायर त्यातील ओल शोषतो. मग एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून तो डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये उडतो आणि आतली उष्णता ओढून घेतो. तोच गॅस पुन्हा कॉम्प्रेसरकडे परततो. हे चक्र बंद आहे. पेट्रोलसारखा गॅस खर्च होत नाही. दहा-बारा वर्षांच्या गाडीत सील व रबरी होजमधून तो थोडाथोडा झिरपतो हे खरे, पण दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागत असेल तर कोठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे.

आमच्या टॅक्सीवाल्यांचे नेमके तेच झाले होते. मार्चपासून दोनदा गॅस भरून झाला होता. आम्ही त्यांना विचारले, "थंडावा कधी जातो?" ते म्हणाले, "गाडी पळत असली की थंड, सिग्नलला उभी राहिली की गरम." या एका वाक्यात अर्धे निदान होते. पळत्या गाडीत समोरचा वारा कंडेन्सरला थंड करतो, उभ्या गाडीत ते काम पंख्यालाच करावे लागते.

त्यांना आम्ही दुसऱ्या एका जुन्या उस्तादांकडे पाठवले. उस्तादांनी आधी गेज लावले. आर-१३४ए गॅसच्या गाडीत ए.सी. चालू असताना कमी दाबाचा काटा साधारण २५ ते ४५ पौंड आणि जास्त दाबाचा काटा हवामानाप्रमाणे १५० ते २५० च्या आसपास असतो. दोन्ही काटे खाली असतील तर गॅस कमी. कमी दाब वर आणि जास्त दाब खाली, दोन्ही एकमेकांजवळ आले असतील तर कॉम्प्रेसर अशक्त झाल्याचा संशय. येथे दोन्ही काटे वर होते. उस्तादांनी बाटलीभर पाणी कंडेन्सरवर शिंपडले, आणि काटा झपाट्याने उतरला. कंडेन्सरला वारा मिळत नव्हता. पंख्याची मोटार दमली होती आणि दोनदा भरलेला गॅसही जास्त झाला होता. मोटार बदलली, जाळीतला चिखल धुतला, गॅस काढून वजनाने पुन्हा भरला. बिल तीन हजार दोनशे. कॉम्प्रेसर धडधाकट होता.

पहिल्या गॅरेजवाल्याने लुबाडले असे आम्ही म्हणत नाही. गेज न लावता, अंदाजाने आणि घाईने निदान करण्याची सवय ही खरी अडचण आहे. म्हणून एस्टिमेट हातात आल्यावर पहिला प्रश्न विचारावा: "काटे किती दाखवतात?" जो मिस्त्री आकडा सांगेल त्याच्याशी पुढे बोलावे. त्याआधी केबिन फिल्टर, फ्यूज, रिले आणि क्लच तपासून घ्यावेत. अनेकदा क्लचची कॉइल किंवा तिचे वायरिंग गेलेले असते, कॉम्प्रेसर फिरत नाही, आणि ठपका पूर्ण कॉम्प्रेसरवर येतो.

मात्र मोठे बिल नेहमी खोटे नसते, हेही सांगितले पाहिजे. कॉम्प्रेसर आतून जाम झाला तर धातूचा चुरा सर्व नळ्यांत पसरतो. अशा वेळी फक्त कॉम्प्रेसर बदलून पैसे वाचवणारा माणूस काही महिन्यांत दुसराही कॉम्प्रेसर घालवतो. ड्रायर व व्हॉल्व्ह बदलावेच लागतात, नळ्या फ्लश कराव्या लागतात, आणि आजकालच्या बारीक नळ्यांच्या कंडेन्सरमधला चुरा धुऊन पूर्ण निघत नाही, म्हणून तोही बहुधा बदलावा लागतो. मिस्त्रीने हे समजावून, चुरा दाखवून सांगितले तर घासाघीस भावावर करावी, कामावर करू नये.

भावाचे मार्ग आहेत. कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडवर जुने कॉम्प्रेसर मिळतात. बेअरिंग आणि सील बदलून दुरुस्त केलेलेही मिळतात. गाडी जुनी असेल तर हा मार्ग वाईट नाही, पण वॉरंटी किती दिवसांची आणि कोणत्या गोष्टीची हे बिलावर लिहून घ्यावे. केवळ जबानी खात्रीवर हजारो रुपये देऊ नयेत. बाहेरच्या गॅरेजला कंपनीचे पार्ट्स न देण्याच्या प्रथेवरून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला होता. "हा पार्ट कंपनीशिवाय कोठेच मिळत नाही" हे वाक्य त्यामुळे दोन ठिकाणी तपासून पाहावे. आणखी एक: मोटारीच्या ज्या सुट्या भागांवर २८ टक्के जी.एस.टी. होता तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला आहे. एस्टिमेट जुन्या दराने तर काढलेले नाही ना, पाहावे.

गॅसबाबत दोन शब्द. गळती शोधायची तर नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या फेसाने शोधतात, किंवा आत रंग सोडून निळ्या दिव्याखाली पाहतात. गळती बंद झाल्यावर किमान अर्धा तास व्हॅक्यूम, मग बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या ग्रॅमांइतकाच गॅस. काट्यावर अंदाज घेऊन भरणारे पुष्कळ आहेत. वजनकाटा वापरणारा शोधावा. स्वस्त डब्यांपासून सावध राहावे. बनावट आर-१३४ए मध्ये मिथाइल क्लोराइड मिसळलेले सापडते. ते ॲल्युमिनियमला खाते, आणि २०११ साली अशाच भेसळीने शीत-कंटेनरांत स्फोट होऊन माणसे दगावली होती. गळती बुजवणारे रसायन आत सोडणेही टाळावे. ते व्हॉल्व्हचे छिद्र बुजवते आणि पुढच्या मिस्त्रीचे यंत्रही बिघडवते.

काम देताना एस्टिमेट लेखी घ्यावे, "विचारल्याशिवाय जास्तीचे काम करू नये" असे त्यावर लिहावे, आणि काढलेला जुना पार्ट परत मागावा. आपले जे बांधव गॅरेज चालवतात त्यांनीही जुना पार्ट न मागता डिकीत ठेवून द्यावा. दुसऱ्या वर्षी तेच गिऱ्हाईक चार जणांना घेऊन येते. पक्के बिल घेण्याचा व्यापाऱ्यांना वेगळा लाभ आहे. मालवाहू गाडीच्या किंवा प्रवासी वाहतुकीच्या धंद्यातील गाडीच्या दुरुस्तीवरील जी.एस.टी. ची वजावट नोंदणीकृत व्यापाऱ्याला मिळू शकते. दुकानदाराच्या स्वतः बसायच्या मोटारीवर मात्र ती मिळत नाही, आणि कंपोझिशन योजनेत तर मुळीच नाही.

फसवणूक झालीच तर "आपण धंदेवाले, आपल्याला ग्राहक कायदा लागू नाही" असे समजून अनेक जण गप्प बसतात. हा गैरसमज आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात केवळ स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी घेतलेला व वापरलेला माल व्यापारी हेतूतून वगळला आहे. स्वतःची एक टॅक्सी स्वतः चालवणारा ग्राहक ठरू शकतो. दहा गाड्या ड्रायव्हरांकडून चालवणाऱ्याला हे सिद्ध करणे कठीण. आधी १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला कळवावे, न सुटल्यास दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार करावी. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला तेथे फी नाही. पण हातात बिल हवे.

आमच्या टॅक्सीवाल्यांनी हप्ता वेळेवर भरला. पहिल्या दोन गॅस-भरण्यांचे पैसे मात्र त्यांना परत मागता आले नाहीत, कारण दोन्ही वेळा त्यांनी पावती घेतली नव्हती.